वरच्या दोन खोल्या: देणाऱ्यांसाठी आणि घेणाऱ्यांसाठी

"कागद कसाले लागस, आक्का? आपला घरना माणूस शे."

घरचा माणूस आहे, कागद कशाला लागतो, असं अहिराणीत मला ऐकवलं आमच्या ह्यांच्या एका मित्रानं. घरना माणूस म्हणजे त्याच्या ओळखीतला एक जण. २०१२ साली आम्ही त्याला जळगावातल्या पिंप्राळ्याच्या आमच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या दिल्या. महिना चार हजार, डिपॉझिट दहा हजार, सगळं तोंडी. पहिलं वर्ष गोडीत गेलं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्याकडून सांजोऱ्या यायच्या, हिवाळ्यात आमच्याकडून भरीत वर जायचं. दुसऱ्या वर्षी भाडं थांबलं. सात महिने वाट पाहून वकिलामार्फत नोटीस पाठवली, तर उत्तर आलं की भाडं चार नाही, अडीच हजार ठरलं होतं, आणि त्यातले चार महिने मी रोख दिलेत.

वकिलांनी एकच विचारलं, "कागद आहे?"

नव्हता. त्याचा अर्थ काय होतो ते त्यांनी समजावलं तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. घर भाड्यानं द्या की लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या परवानगीवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची. ती केली नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं. उलट सिद्ध करायचं ते मालकानं. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे भाडं माझं बुडालं आणि कायद्यानं चूकही माझीच.

गंमत अशी की त्याआधी मी स्वतः एकवीस वर्षं भाडेकरू होते. वीज मंडळात बिलिंगला नोकरी, बदल्या नंदुरबार, शिरपूर, भुसावळ. दोन्ही बाजूंनी टक्के-टोणपे खाल्ल्यावर आता गल्लीत कुणाला खोली द्यायची-घ्यायची असली की माझ्याकडे पाठवतात. तेच इथे लिहून ठेवते.

भाडेकरू की लायसन्सवाला?

बोलताना आपण सगळ्यांनाच भाडेकरू म्हणतो. कायदा म्हणत नाही. हा फरक कळला की अर्धी भांडणं कळतात.

भाडेकरूला घरात हक्क मिळतो. तो भाडं देत असेल आणि अटी पाळत असेल तोवर मालकाला त्याला सहजासहजी काढता येत नाही. भाडं थकलं तरी आधी लेखी नोटीस, मग नव्वद दिवस थांबायचं, मग दावा. आणि दाव्याचं समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत त्यानं थकबाकी पंधरा टक्के व्याजासह कोर्टात भरली, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. बाकीची कारणं कलम १६ मध्ये मोजून दिली आहेत: परवानगीशिवाय पक्कं बांधकाम, पोटभाडेकरू, शेजाऱ्यांना उपद्रव, सहा महिने घर विनाकारण बंद ठेवणं, मालकाला स्वतःला खरोखर गरज असणं वगैरे. गरजेचं कारण दिलं तरी कोर्ट पाहतं की जास्त हाल कोणाचे होतील. जळगावच्या जुन्या गावात, धुळ्याच्या पेठांमध्ये तीन पिढ्या त्याच खोलीत राहणारी माणसं दिसतात ती या भाडेकरूपणामुळे. त्यांचं भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येतं आणि मूळ भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला हक्क मिळतो. तो वेगळा संसार आहे, त्यात इथे शिरत नाही.

लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र घर वापरण्याची फक्त परवानगी असते, ठरलेल्या मुदतीसाठी. मुदत संपली की घर सोडायचं. नाही सोडलं तर मालक कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर जितके दिवस राहिलात तितक्या दिवसांची, ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. हल्ली आपल्याकडे कॉलन्यांमधली बहुतेक घरं याच पद्धतीनं जातात आणि मी मालकांना हीच सुचवते. घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवायचं ते असं, की अशा अर्जाचं समन्स आलं तर तीस दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते. "पाहू नंतर" म्हणून कागद टीव्हीखाली सरकवला की मालकाचं म्हणणं मान्य केल्यासारखं धरतात.

अकरा महिन्यांचं भूत

"अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही", हे मला वकिलाच्या कारकुनानंसुद्धा सांगितलेलं आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, तिथून हे आलं. महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून, म्हणजे ३१ मार्च २००० पासून, त्याचा उपयोग नाही. एक महिन्याचा करार असला तरी नोंदवायचा.

दुसरं भूत नोटरीचं. स्टॅम्प पेपरवर टाइप केलं, नोटरीचा लाल गोल शिक्का मारला, दोघांना वाटतं झालं पक्कं. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. नोंदणी दुय्यम निबंधकाकडे होते, नाहीतर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन.

तिसरं, "बारा वर्षं राहिला की घर त्याचं". मालकाच्या परवानगीनं राहणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी तेवढ्यानं मालक होत नाही. या भीतीनं लोक चांगल्या कुटुंबाला दर वर्षाला हाकलतात आणि दर वेळी एजंटला एक महिन्याचं भाडं देतात.

आणि मोबाइलवर फिरणारं, "आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही". ते केंद्रानं २०२१ मध्ये काढलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो राज्यांना दिलेला नमुना. राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे व्यवहार चालतो तो १९९९ च्याच कायद्यानं, आणि लिव्ह अँड लायसन्सच्या डिपॉझिटला त्यात मर्यादा नाही. आमच्याकडे दोन-तीन महिन्यांचं घेतात ते रिवाजानं.

खर्च किती?

लोक समजतात त्याहून फार कमी. मुद्रांक शुल्क पाव टक्का. कशावर? सगळ्या मुदतीचं भाडं, आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर. आठ हजार भाडं, अकरा महिने, तीस हजार डिपॉझिट धरा. भाड्याचे ८८,०००, व्याजाचे २,७५०, बेरीज ९०,७५०. त्याचा पाव टक्का म्हणजे तीनशेच्या आतच. नोंदणी फी महापालिकेच्या हद्दीत हजार रुपये, ग्रामपंचायतीत पाचशे. वर ऑनलाइनचे हाताळणी शुल्क आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणाऱ्याची मजुरी.

फी करारामागे एकदाच लागते, म्हणून माणसं चांगली वाटली तर मी थेट तीन वर्षांचा करते. याच पद्धतीनं पाच वर्षांपर्यंत करता येतो. दर वर्षी भाडं किती वाढणार ते त्यातच लिहायचं. खर्च कोणी करायचा हे आधी बोलून घ्या, आमच्याकडे निम्मं-निम्मं.

करार घर ज्याच्या नावावर आहे त्यानंच करायचा. आमचं घर सासूबाईंच्या नावावर, त्यामुळे २०१५ साली मशीनवाला मुलगा आला तेव्हा अंगठा त्यांचा हवा होता. जन्मभर कळण्याच्या भाकरी थापून त्यांचे अंगठे असे गुळगुळीत झालेत की मशीन घेईना. साबणानं धुतले, पुसले, खोबरेल लावून पाहिलं. त्या वैतागून म्हणाल्या, "घर माझं आहे हे सगळ्या आळीला माहीत आहे, या डबीलाच नाही." शेवटी अनामिकेचं बोट लागलं. म्हातारी माणसं असतील तर एक सकाळ मोकळी ठेवा, आणि आधार कार्डावरचं नाव सातबारा-मिळकत पत्रिकेवरच्या नावाशी जुळतं का ते आदल्या दिवशी बघा. दोन साक्षीदारही घरी बोलावून ठेवा.

कागदात काय लिहायचं

छापील मसुद्यात नाव-पत्ता-भाडं असतंच. भांडण होतं ते त्यात नसलेल्या गोष्टींवरून. मी या घालायला लावते: भाडं कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या खात्यात. मध्येच सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, दोघांनाही सारखं. किती जण राहणार. घरपट्टी-पाणीपट्टी कोणाची. डिपॉझिट घर सोडल्यावर किती दिवसांत परत, आणि कशाकशाचे पैसे कापता येतील. रंग कोण देणार हे तर हमखास लिहा. तीन वर्षं राहिल्यावर भिंत मळणारच. ती झीज आहे, नुकसान नाही. बेसिन फोडलं तर नुकसान. हा भेद लिहिला नाही की मालक पूर्ण रंगकामाचे पैसे कापतो, आणि भाडेकरू शेवटचे तीन महिने भाडंच न देता डिपॉझिट "राहून काढतो". मी दोन्ही पाहिलंय. दुसरं तर भुसावळला मी स्वतःच केलंय.

दुरुस्तीचंही लिहा. कायद्यात घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्यानं केलं नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. पण ही तरतूद भाडेकरूसाठी आहे. लायसन्सवर राहणाऱ्यांनी जूनमधल्या गळक्या स्लॅबची वाट न पाहता हे करारातच लिहून घ्यावं.

मीटर

हा माझा विषय, म्हणून जरा जास्त बोलते.

खान्देशात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो. कूलर ही चैन नाही. मोठा कूलर साधारण दोनशे वॅटचा. रोज बारा तास चालला तर अडीच युनिटला थोडं कमी, महिन्याला बहात्तरच्या आसपास. घरगुती वीजदर टप्प्यांनी चढतो: शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, पुढे चौथा. आता खालचं आणि वरचं अशी दोन कुटुंबं एकाच मीटरवर असली की दोघांची युनिटं एकत्र होऊन महागड्या टप्प्यात जातात. एकेकट्याचं बिल स्वस्तात गेलं असतं. मग मालक सबमीटर पाहून वाटेल तो दर लावतो, भाडेकरूला वाटतं लुटतायत, मालकाला वाटतं ह्यांच्यामुळे माझं बिल वाढलं. दोघांचंही थोडं खरं असतं.

उपाय एकच, वरच्या मजल्याला वेगळं मीटर. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा भोगवटादार (तिथे राहणारा), कोणीही जोडणी मागू शकतो. मालकानं ना-हरकत दिली नाही एवढ्या कारणानं भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे. वेगळं मीटर जमतच नसेल तर सबमीटर लावा, दर महिन्याला एकाच तारखेला दोघांनी मिळून रीडिंग घ्या, आणि त्या महिन्याच्या बिलाला एकूण युनिटांनी भागून जो दर येईल तोच लावा. बिलाचा फोटो भाडेकरूला पाठवा.

किल्ली द्यायच्या दिवशी

खोली रिकामी असताना फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, दोघांच्या समोर. पंखे किती, चालतात का. गिझर. नळांच्या तोट्या. कूलरसाठी खिडकीची जाळी कापलेली आहे का, आणि कोणी कापलेली. मीटरचं रीडिंग आकड्यासह. किल्ल्या किती दिल्या. आमचा हा व्हिडिओ चार मिनिटांचा असतो आणि तो लगेच दोघांच्या फोनवर जातो.

पैसे शक्यतो खात्यातच. भाड्याची पावती देणं मालकाला कायद्यानं बंधनकारक आहे, रोख घेतलं असेल तर त्याच क्षणी. नोकरदार भाडेकरूला घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी पावत्या लागतातच. वर्षाचं भाडं लाखावर गेलं तर मालकाचा पॅन नंबरही. तो द्यायला टाळाटाळ करणारे मालक उत्पन्न लपवत असतात, दुसरं काही नाही. आणि लपवून मिळतंही थोडंच: भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी आणि उरलेल्यावर तीस टक्के सरसकट वजावट मिळते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायची. ती परवानगी नाही, नुसती खबर आहे. ठाण्यात फॉर्म भरून किंवा राज्य पोलिसांच्या संकेतस्थळावर. जिथे तसा आदेश लागू असतो तिथे न कळवणाऱ्या मालकावर गुन्हा दाखल होतो. सोसायटीत फ्लॅट असेल तर सोसायटी भोगवटेतर शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याचं) म्हणून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते.

एक मनातलं. फोनवर पहिला प्रश्न "आडनाव काय?" असा विचारणारे मालक आपल्याकडे अजून भरपूर आहेत. नंदुरबारला माझ्यावरच ही वेळ आली होती. तीन घरं बघितली, तिन्ही आडनाव ऐकून "कालच दिली" झाली. मी खोली देताना पगार विचारते, माणसं किती ते विचारते, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर घेते. आडनाव करारात लिहायच्या वेळीच कळतं मला.

राहत असताना

घर दिलं म्हणजे हवं तेव्हा कडी वाजवून आत जायचं नाही. पाहणी करण्याचा हक्क मालकाला आहे, पण आधी सांगून आणि वेळकाळ बघून. मोलकरणीकरवी वरची खबर काढणं हाही त्यातलाच प्रकार.

आणि पाणी. शिरपूरला आमच्या घरमालकानं एकदा घर रिकामं करून घेण्यासाठी टाकीचा व्हॉल्व्ह फिरवून ठेवला. मे महिना, घरात आठ महिन्यांचं लेकरू. चार दिवस शेजारणीच्या विहिरीवरून कळशा आणल्या आणि मुकाट्यानं घर सोडलं. तेव्हा मला माहीत नव्हतं. भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सोय सबळ कारणाशिवाय तोडणं आज कलम २९ खाली गुन्हा आहे आणि कोर्ट ती सुरू करायला लावतं. भाडं थकलं म्हणून व्हॉल्व्ह फिरवायचा नाही. तसंच कुलूप फोडून सामान रस्त्यावर काढायचं नाही. असं बेकायदा बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्न येतच नाही.

भाडेकरूंच्याही जबाबदाऱ्या आहेत, त्या थोडक्यात सांगते कारण त्या सगळ्यांना माहीत असतात. भाडं तारखेला. मालकाला न विचारता भिंत पाडायची नाही, भाऊ-भाचा म्हणून पोटभाडेकरू ठेवायचा नाही, राहत्या घरात शेवयांचा कारखाना काढायचा नाही. नळ रोज येत नाही अशा गावात टाकी भरून वाहू द्यायची नाही. दुरुस्ती हवी असेल तर जिन्यात सांगून सोडून न देता व्हॉट्सॲपवर लिहा, तारीख राहते.

सोडताना

मुदत संपायच्या दोन महिने आधी विषय काढा. पुढे राहायचं तर नवा करार नोंदवा; "चालू द्या तसंच" म्हटलं की पुन्हा २०१२. सोडायचं तर शेवटचं रीडिंग, सुरुवातीच्या व्हिडिओशी ताडून पाहणी, किल्ल्या मोजून परत, डिपॉझिटचा हिशेब एका कागदावर. आणि ताबा-पावती: अमुक तारखेला घर रिकामं करून ताबा मालकाला दिला, डिपॉझिट एवढं परत मिळालं, एकमेकांकडे काही येणं नाही. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत.

आमच्या त्या घरच्या माणसाचं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही. वकिलांनीच सांगितलं, मिटवा. सात महिन्यांचं भाडं सोडून दिलं, वर डिपॉझिटचे दहा हजार मोजून दिले, टेम्पोचं भाडंही ह्यांनीच भरलं. जाताना त्याच्या बायकोनं माझ्या पाया पडून घेतलं आणि मलाही रडू आलं. वकिलांनी लिहून दिलेली ताबा-पावती मी त्याच्यापुढे धरली, त्यानं टेम्पोच्या फाळक्यावर ठेवून सही केली. दोन वर्षांच्या त्या सगळ्या व्यवहाराचा आमच्याकडे तेवढाच एक कागद आहे.